हमरापूरच्या शेतातला गुलाबी बगळा

स्वारगेटहून पहाटे सुटणाऱ्या अलिबागच्या एसटीत शर्वरी खिडकीशी बसली, कपाळ काचेला टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. ती झोपली नव्हती. तेरा वर्षांच्या मुलीला आईशी बोलायचं नसलं की ती अशीच झोपते. दुर्बीण माझ्या मांडीवर होती. तीन आठवड्यांपूर्वी तिने ती कपाटावर, जुन्या बॅगांच्या मागे ढकलून दिली होती. मी स्टुलावर चढून खाली काढली, धूळ पुसली आणि सांगून टाकलं, "शनिवार-रविवार पेणला जायचं. तुझा बगळा शोधायला."

"मला नाही यायचं."

"मी विचारत नाहीये."

मी शाळेत गणित शिकवते. उत्तर चुकलं की मुलांना पहिल्या पायरीपासून पुन्हा सोडवायला लावते, आणि या वेळी उत्तर माझंच चुकलं होतं. त्यामुळे कुणी आडवं आलं असतं तरी मी जाणारच होते.

झालं होतं ते असं. अलिबागला नात्यातला साखरपुडा आटोपून आम्ही भावाच्या गाडीतून पनवेलमार्गे परतत होतो. पेण ओलांडल्यावर हमरापूरच्या फाट्याजवळ चहाला थांबलो. शर्वरी रस्त्याच्या कडेला उभी राहून कापलेल्या भातशेताकडे बघत होती. एकदम ओरडली, "आई, गुलाबी बगळा! लवकर!" मी फोनवर होते. वेळापत्रकातल्या एका तासावरून सहकारी बाईंशी माझी चांगलीच जुंपली होती. मी तिला हातानेच 'थांब' अशी खूण केली आणि वळलेच नाही.

आम्ही दोघी पाच वर्षं पक्षी बघतोय. नाद तिचा, पण मलाही तो असा लागला की आता स्वयंपाकघराच्या खिडकीतही दुर्बीण असते. दोघींची मिळून एक वही आहे. त्या रात्री तिने वहीत चित्र काढलं: लहान बगळ्याएवढा पक्षी, चोच काळी, पाय काळे, पंजे पिवळे, डावा पंख आणि पाठीचा थोडा भाग गुलाबी. चित्राचा फोटो तिने आमच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकला. आधी हसरे चेहरे आले. मग कुणी विचारलं, "सूर्य मावळत होता का गं?" मग ग्रुपमधल्या एका ज्येष्ठ काकांनी अगदी सभ्यपणे लिहिलं, "आई सोबत होत्या ना? त्यांना काय दिसलं?"

मी लिहिलं, "मी तिथेच होते. मला तरी असा पक्षी दिसला नाही."

वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता आणि वाक्य लबाडीचं होतं. शर्वरीने ते वाचलं. ग्रुपमधून बाहेर पडली आणि दुर्बीण कपाटावर गेली. पहिले दोन दिवस मी मनाशी म्हटलं, येईल ताळ्यावर. तिसऱ्या दिवशी गॅलरीत शिंजीर येऊन बसला आणि तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, तेव्हा कळलं, हे असं आपोआप मिटणारं नाही.

खोपोली मागे पडली, उन्हं वर आली आणि पेणच्या स्टँडवर उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते. स्टँडजवळच्या लॉजवर पिशव्या टाकल्या. शेजारी पोह्याच्या पापडांचं दुकान, त्याच्या शेजारी गणपतीच्या मूर्तींचं, पुन्हा पापड, पुन्हा गणपती. भाद्रपद अजून सहा-सात महिने लांब होता, पण पेणमध्ये तो बारा महिने चालू असतो. मिसळ खाल्ली आणि मिनीडोअरमध्ये (सहा आसनी रिक्षा) बसून हमरापूर गाठलं.

हमरापुरात शिरलं की रंगाचा वास येतो. पत्र्याच्या, प्लास्टिकच्या शेडमधून पांढरेशुभ्र गणपती ओळीने उभे, कुठे कॉम्प्रेसरची घरघर, कुठे अंगणात सुकत ठेवलेले नुसते मुकुट. शेडच्या मागे लगेच शेतं. भात निघून गेलं होतं आणि वालाचे वेल जमिनीवर पसरले होते. चहाची टपरी मी बरोबर ओळखली. तिथून शर्वरी जिथे उभी होती ती जागाही. मी त्याच जागी उभी राहिले आणि या वेळी तोंड शेताकडे केलं.

बगळे होते. सगळे पांढरे. शर्वरी बांधावर बसून चपलेने ढेकूळ फोडत होती. मग मी एक युक्ती केली. तारेवरच्या हिरव्या वेड्या राघूकडे बोट दाखवून मोठ्याने म्हटलं, "वा! काय सुंदर खंड्या!"

तिने आणखी एक ढेकूळ फोडलं.

"आणि तो बघ, कोतवाल."

"आई, तो नीलपंख आहे," ती दात-ओठ खात म्हणाली. "आणि मघाचा राघू होता. मुद्दाम करतेस."

मुद्दामच करत होते. पण तिने मान वर केली होती, तेवढं मला पुरलं.

वालात एक आजोबा शेंगा तोडत होते. त्यांना विचारलं. त्यांनी कंबर सरळ केली, आम्हा दोघींना नीट निरखलं आणि म्हणाले, "गुलाबी बगला? नाय गो बाय. बगला पांढराच आसतो. गुलाबी आमचे गनपती." स्वतःच्या विनोदावर ते खूश झाले आणि ओंजळभर शेंगा आमच्या पिशवीत टाकल्या. शेताला लागून असलेल्या एका शेडला कुलूप होतं. "ती वनिताची," आजोबा म्हणाले. "सगली लग्नाला गेल्यात, उंद्या दुपारी येतील. तिला इचारा, तिचं ध्यान आसतं समद्यावर. आन् बगलं बघायचे तर धरमतरला जा, सुकतीला."

सुकती म्हणजे ओहोटी. पाणी हटलं की चिखल उघडा पडतो आणि पक्षी तिथे जेवायला उतरतात. आम्ही धरमतरच्या खाडीवर पोचलो तेव्हा दुपारचे बारा होत आले होते. लांबवर धक्क्याला मालाचे बार्ज लागले होते आणि अलीकडे सगळा काळाभोर चिखल उन्हात चमकत होता. काठावर एक मावशी जाळं झटकत बसल्या होत्या. पाणी पुन्हा कधी चढणार, असं मी त्यांना विचारलं आणि फोनमध्ये शोधू लागले.

"त्यात कशाला बघतेस?" त्या म्हणाल्या. "आज आठम. तिथीची पाऊनपट कर. आठाचे किती?"

"सहा," मी म्हटलं. गणिताच्या बाईला उत्तर आलं नसतं तर नामुष्कीच होती.

"मग सहाला भरती, बाराला सुकती. हितं आत खाडीत जरा उशीर. झाला हिशेब."

मला तो हिशेब इतका आवडला की मी तिथल्या तिथे नवमी-दशमीची भरती काढून बघितली. शाळेतल्या अपूर्णांकांना इतका चांगला उपयोग मी आजवर सांगू शकले नव्हते. त्या आनंदात मी दुर्बीण घेऊन पुढे निघाले. शेकाटे, तुतवार, आणि पार पाण्याच्या कडेला बगळ्यांचा थवा. त्यातला एक जरा वेगळा वाटला. वेगळा वाटला म्हणून आणखी दहा पावलं गेले आणि गुडघ्यापर्यंत आत गेले.

"आई!"

"पाय उचलू नको!" मावशी ओरडल्या. "बस! खाली बस!"

चिखलात बसायचं म्हणजे काय, हे मला कळेना, पण बसले. मावशींनी एक फळी सरकवली, शर्वरीने माझा दंड धरला आणि दोघींनी मिळून मला बाहेर ओढलं. एक चप्पल धरमतरच्या खाडीलाच राहिली. वेगळा वाटलेला बगळा साधा पांढराच निघाला, त्याच्यावर ढगाची सावली पडली होती. शर्वरी हसू दाबत होती. माझी अवस्था पाहून हसायला येणारच होतं. पण हसता हसता ती एकदम म्हणाली, "आई, चल परत. नाही सापडणार तो."

"सापडेल."

"नसेलच तो कदाचित. मलाच भास झाला असेल."

हे ऐकून मी चिखलाने भरलेल्या पायांनी तशीच उभी राहिले. बगळा सापडला नाही तरी चाललं असतं. पण माझ्या मुलीने स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा सोडावा आणि तोही माझ्या एका वाक्यामुळे सोडावा, हे मला चालणार नव्हतं.

मावशींनी पाय धुवायला पाणी दिलं आणि घरी नेऊन तांदळाची भाकरी नि सुक्या जवळ्याचं कालवण वाढलं. जेवताना सगळी हकीकत ऐकून म्हणाल्या, "माझा दिनेश रोह्याला कंपनीत हाय. परवा सांगत व्हता, नदीला मोठं पाखरू येतं, पंखाला गुलाबी. उंद्या त्याची रातची शिफ्ट सुटल की भेटल तुम्हांला. जा."

रविवारी सकाळी मेमू लोकलने रोह्याला गेलो. गाडी निवांत होती. माझ्या पायात पेणच्या बाजारात घेतलेल्या नव्या रबरी चपला होत्या. रोहा तालुक्याचं गाव, मोठं स्टेशन; कोकणात खाली जाणारी रेल्वे इथून पुढे सुरू होते. आम्हांला मात्र फक्त कुंडलिका नदीच्या काठापर्यंत जायचं होतं. दिनेश शिफ्ट संपवून, डोळे चोळत, मोटरसायकल घेऊन पुलाजवळ थांबला होता. पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप. झोप सोडून आला होता आणि तरी "चला ताई, चला, हलला नाय पायजे" म्हणून पुढे धावत होता.

आणि खरंच होता. नदीच्या पलीकडे उथळ पाण्यात एक मोठा पांढरा पक्षी उभा, पंखांवर काळे पट्टे आणि शेपटीजवळ सुरेख गुलाबी.

"शर्वरी! गुलाबी! सापडला!" मी ओरडले आणि फोटो काढायला फोन वर केला.

तिने दुर्बीण माझ्या हातून घेतली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिने स्वतः ती डोळ्याला लावली, चाक फिरवलं, बराच वेळ पाहिलं.

"चित्रबलाक आहे," ती म्हणाली. "छान आहे. पण हा तो नाही."

"अगं, गुलाबी आहे ना!"

"याची चोच पिवळी आहे. त्याची काळी होती. याचे पाय गुलाबट आहेत, त्याचे काळे होते. आणि हा केवढा मोठा आहे."

"येवढं कोन बघतंय?" दिनेश म्हणाला. "पांढरा हाय, गुलाबी हाय. लिवून टाक ना."

खरं सांगते, मलाही तेच वाटलं. ग्रुपवर काय लिहायचं ते मी मनात जुळवायलाही लागले होते. मी म्हटलं, "लांबून पाहिलास म्हणून आकाराचा अंदाज चुकला, असं म्हणू या. चित्रबलाक म्हटल्यावर कुणी हसणार नाही. सगळे मान्य करतील."

"आणि पिवळे पंजे?"

"पंजांचं जाऊ दे."

तिने दुर्बीण खाली घेतली. "आई, मला त्यांनी मान्य करायला नकोय. मी जे पाहिलं ते पाहिलं. हा नव्हता पाहिला."

वर्गात उत्तरपत्रिकेवर 'पायऱ्या गाळू नयेत' असं लाल शाईने लिहिणारी बाई मी, आणि पंजे गाळायला निघाले होते. त्या काठावर, दिनेशच्या देखत, मी तिला सांगून टाकलं, "शर्वरी, त्या दिवशी मी वळलेच नव्हते. मी फोनवर होते. मी शेताकडे पाहिलंच नाही."

"माहितीये."

"माहितीये?"

"मी तुझ्याकडे बघितलं होतं. तुझी पाठ होती."

"मग ग्रुपवर सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तू सांगशील."

दिनेश मोटरसायकलची चेन बघायला गेला. चित्रबलाक अजून तसाच एका पायावर उभा होता. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी त्याच्याकडे बघत राहिले.

परतीच्या मेमूत मी ग्रुपसाठी निरोप लिहिला. लांबलचक लिहिला, त्यात माझ्या कामाचा व्याप आला, तो फोन किती महत्त्वाचा होता तेही आलं. पण पाठवला नाही. म्हटलं, आधी हमरापूरला पुन्हा जाऊ, काही पुरावा मिळाला तर सोबत जोडू. इतकं ऐकूनही माझी खोड गेली नव्हती.

दुपारी वनिताची शेड उघडी होती. वनिता चाळिशीची, बोटं रंगाने माखलेली. ती गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत होती. हे काम कारखान्यात ज्याच्या-त्याच्या हाती देत नाहीत. श्वास रोखून एकच रेघ ओढायची, पुसायची सोय नाही. तिने आमच्याकडे न बघताच खुणेने बसायला सांगितलं. शर्वरी तिच्या शेजारी बसली आणि ब्रशाच्या टोकाकडे बघण्यात अशी गुंग झाली की आम्ही कशाला आलो ते विसरली. मी विसरणारी नव्हते. दुर्बीण घेऊन शेडच्या मागे गेले आणि बांधावर ठाण मांडलं. उन्हाने डोकं तापलं. दोन वेळा वाटलं, पुरे. दोन्ही वेळा बसून राहिले.

आणि तो आला. वालाच्या कडेच्या चरात, माझ्यापासून पंचवीस-तीस पावलांवर उतरला. लहान बगळा. चोच काळी. डाव्या पंखावर फिका, पण स्पष्ट गुलाबी रंग. मी एकदा डोळ्यांनी पाहिलं, एकदा दुर्बिणीने, आणि मग अनुभवी पक्षीनिरीक्षकाने कधी करू नये ते केलं. गळा फाडून ओरडले, "शर्वरी!"

तो अर्थातच उडाला. ती धावत आली तोवर माडांच्या पलीकडे गेलाही होता. समोर रिकामं शेत.

"पाहिलास?" तिने विचारलं.

"पाहिला."

तिने पिशवीतून वही काढली. "चोच?"

"काळी."

"पंजे?"

"पिवळे. उडताना दिसले."

"गुलाबी कुठे?"

"डाव्या पंखावर. फिका झालाय."

तिने घड्याळ बघून वेळ लिहिली, जागा लिहिली आणि पुढे लिहिलं, 'आईने पाहिला.' मी वाट बघत होते. 'नक्की ना?' हा प्रश्न मी वर्गात दिवसातून चाळीस वेळा विचारते. तिने तो विचारला नाही. वही मिटली आणि पिशवीत ठेवली. मला भर उन्हात, बांधावर, रडू आलं.

माझ्या ओरडण्याने वनिता ब्रश हातात घेऊनच बाहेर आली होती. "काय झालं गो? साप का?"

"गुलाबी बगळा," शर्वरी म्हणाली.

वनिताने कपाळाला हात लावला. तिथेही थोडा रंग लागला. "आगो बाय! त्यो आजून फिरतोय? त्यो मीच रंगवलाय!"

शेडच्या कोपऱ्यावरून तिच्या कोंबड्या आल्या. सात-आठ असतील. प्रत्येकीचा डावा पंख गुलाबी.

"आमच्या आळीत सगल्यांच्या कोंबड्या एकसारख्या," ती सांगू लागली. "म्हनून ज्याचा त्याचा रंग. आमचा गुलाबी, पलीकडच्यांचा निला. मूर्तीतला उरलेला आसतोच डब्यात. त्या दिवशी पिल्लांवर जालं टाकलेलं, त्यात हा बगला गुतला. मी सोडवला, बगलेत धरला, आन् हात गेला डब्यात. सवयच ती. पंखाला लावला, पाठीला लागला, सोडून दिला, मंग ध्यानात आलं, ही काय माजी कोंबडी हाय? सासू आजून चिडवते. म्हनते, सांज झाली, खुराड्यात बगला आला का मोज."

शर्वरी पोट धरून हसली. मीही हसले. मग तिने काळजीने विचारलं, "रंगाने त्याला काही होणार नाही ना?"

"कच्चा हाय गो. पान्यानं हलूहलू जातो. कोंबड्यांना सारखा लावावा लागतो."

वनिताने आम्हांला चहा दिला, पापडांचं पुडकं दिलं. मी गुलाबी पंखांच्या कोंबड्यांचे चांगले सहा फोटो काढले. पुरावा हवा होता ना, आता भरपूर होता.

संध्याकाळच्या एसटीत शर्वरी खिडकीशी बसली, या वेळी डोळे उघडे ठेवून. मी फोन काढला. मेमूत लिहिलेला निरोप वाचला आणि मला माझीच लाज वाटली. सगळा पुसला. मग विचार करत राहिले. पाच वर्षांत आम्ही दोघींनी एकाच क्षणी एकाच फांदीकडे बघितलं, असं फार थोड्या वेळा झालं असेल. वहीतले बहुतेक पक्षी एकीने पाहिले आणि दुसरीने तिच्या शब्दावर लिहिले. तिने माझे किती मान्य केले असतील, त्यातले किती मी घाईत, अर्धवट पाहिलेले असतील! चारचौघांत मला तिचं एकदाच मानायचं होतं आणि त्या एका वेळी मी पाठ फिरवली.

कोंबड्यांचा एकही फोटो न जोडता मी लिहिलं: "तीन आठवड्यांपूर्वी मी इथे म्हटलं होतं की मला गुलाबी बगळा दिसला नाही. तेव्हा शेताकडे माझी पाठ होती. मी पाहिलंच नव्हतं. शर्वरीने पाहिलं होतं." पाठवून टाकलं.

घाट चढायला लागलो तेव्हा त्या ज्येष्ठ काकांचं उत्तर आलं. "स्पष्ट सांगितलंत, बरं वाटलं. शर्वरीची माफी मागतो. मग तो पक्षी कोणता होता?"

मी फोन तिच्या हातात दिला. "तूच सांग. फोटो टाक, सगळी गंमत सांग, काय हवं ते लिही."

तिने काकांचं वाक्य दोनदा वाचलं. मग माझं. माझं वाचायला तिला जास्त वेळ लागला. फोटो तिने उघडलेसुद्धा नाहीत. एका बोटाने टाइप केलं, पाठवलं आणि फोन परत देऊन माझ्या खांद्यावर डोकं टेकून खरोखरच झोपली.

मी वाचलं. तिने लिहिलं होतं, "लहान बगळा. एक. आम्ही दोघींनी पाहिला."